ये म्हण, नाही तर नको म्हण

परतणं आणि माघार घेणं यांना मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. तरीही बाहेरगावी शिकणारं मूल शेवटच्या वर्षाच्या तोंडावर घराजवळच्या विद्यापीठात यायचं म्हणालं, की आपल्या मनात दुसराच शब्द उमटतो. पहिल्याच वर्षी परतलं असतं, तर ‘करमलं नाही’ म्हणून सोडून दिलं असतं. तिसऱ्या वर्षी आपण जाब विचारतो : एवढं केलंस, आता थोडक्यासाठी का?

रायपूरच्या चौबे कॉलनीत हा प्रश्न जरा तिरपा होतो. छत्तीसगडात मराठी माणूस भोसल्यांच्या अमलापासून आहे. कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. तरी मुलं पुण्याला निघाली की आम्ही म्हणतो, ‘आपल्याकडेच तर चाललीत.’ म्हणजे जाताना पुणं घर आणि येताना रायपूर घर. एके काळी इथली महाविद्यालयं नागपूरला, मग 1946 साली निघालेल्या सागर विद्यापीठाला जोडलेली होती. 1964मध्ये रविशंकर विद्यापीठ रायपुरातच सुरू झालं. विद्यापीठ घराजवळ आलं त्याला आपण प्रगती म्हणतो. विद्यार्थी घराजवळ आला तर मात्र काहीतरी बिनसलं असणार, असं धरून चालतो.

माझी भाची पुण्यात संख्याशास्त्राचं दुसरं वर्ष संपवत होती, तेव्हा भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. ताई रोज फोनवर एकच सांगे, “आमचं काही अडत नाही गं, तू तुझं बघ.”

हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. बोलणाऱ्याला ते त्यागाचं वाटतं, आणि ते खोटंही नसतं. पण त्यात एक हाक दडलेली असते, आणि ती हाक मारल्याची जबाबदारी कुणावरच नसते. भाचीचा मोठा भाऊ बेंगळुरूला नोकरीत आहे. ‘काही अडत नाही’ हे त्यालाही सांगितलं होतं. त्यानं ते शब्दशः घेतलं. न उच्चारलेली हाक सगळ्यांना सारखी ऐकू येत नाही. ज्याचे कान तिखट, त्याच्यावरच ती पडते. आणि लहानपणापासून कान तिखट ठेवायला आपण बहुधा मुलींनाच शिकवतो. संकोचातून आलेलं मौन असं नकळत अन्यायाची वाटणी करतं.

परतण्याची किंमत तर मोजता येण्यासारखी असते. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2021मध्ये श्रेयांकांची बँक आणली : एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात, पण निदान निम्मे पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीचे 120 श्रेयांक धरले, तर दोन वर्षांत 80 होतात. त्यातले 60च कामी येणार. उरलेले वीस, म्हणजे सहा महिन्यांचा अभ्यास, पाण्यात. जितकं उशिरा निघावं तितकं जास्त मागे टाकावं लागतं. शिवाय ज्या प्राध्यापकांना आपली बुद्धी आता कुठे कळू लागली होती, ते कुठल्याच बँकेत जमा होत नाहीत.

असा विषय निघाला की कुणीतरी पुंडलिकाचं नाव काढतंच. काशीची वाट सोडून आईवडिलांच्या सेवेला लागलेला, देवालाही विटेवर थांबवणारा. आपण ऐकतो त्या कथेत आईवडील मात्र जवळजवळ बोलतच नाहीत. त्यांनी ‘राहा’ म्हटलं होतं का, की ‘आमचं काही अडत नाही, तू काशीला जा’? कथेला त्याची गरज वाटली नाही, कारण पुंडलिकाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. त्यानं सेवेचा हिशेब ना आईवडिलांपुढे ठेवला ना विठ्ठलापुढे.

भाचीनं एके दिवशी फोनवर विचारलं, “आई, मी येऊ का? ये म्हण, नाही तर नको म्हण. पण एक काहीतरी म्हण.” ताईला ते क्रूर वाटलं. आजाऱ्याच्या घरात द्यायला दुसरं काही उरलेलं नसताना नकार देणं एवढंच औदार्य तिच्याकडे होतं, आणि लेक तेही काढून घेत होती. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण औदार्याचं ओझं ज्याच्यावर पडतं, त्याला ते नाकारायचाही हक्क असायला हवा. दोन दिवसांनी ताई म्हणाली, “ये.” मग तिनं मुलालाही फोन केला, आणि पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं की महिन्यातला एक आठवडा तू इथून काम कर. तोही येऊ लागला. इतके दिवस त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

भाचीचे सहा महिने गेले ते गेलेच. त्यावर गोड मुलामा चढवू नये. पण ते कुणामुळे गेले आणि कुणाच्या संमतीनं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कर्तव्य मागून घेतलं की हलकं होतं असं नाही. मात्र उघडपणे मागितलेलं आणि उघडपणे दिलेलं पुढे दहा वर्षांनी भांडणात उगवत नाही. ‘तुमच्यासाठी मी पुणं सोडलं’ हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलंच, तर त्याला उत्तर आहे : ‘हो, मी बोलावलं होतं.’ एवढं म्हणू शकणारी आई आणि ते ऐकून घेऊ शकणारी लेक, यांच्यात उपकार उरत नाहीत, नातं उरतं.