फुकट आहे तोवर नेऊन आणू

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारापर्यंत अर्धं. हा नियम महाराष्ट्रातल्या आईबापांना तोंडपाठ असल्यामुळे आपल्याकडे मुलं बराच काळ साडेचार वर्षांचीच राहतात. कंडक्टरने विचारलं तर काय सांगायचं, हे स्टँडवरच पढवलेलं असतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकाने वयाची भानगडच ठेवली नाही, तिथे मुलाचं तिकीट उंचीवर ठरतं. त्यामुळे खिडकीपाशी 'जरा गुडघे वाकव' असं कानात सांगणारा बाप आत गेल्यावर मोठ्या पाळण्यापाशी त्याच मुलाला 'टाचा उचल' म्हणून सांगतो. परदेशी सहलीचा हिशेब आणखी वेगळा. डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाचे पैसे पडत नाहीत, विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून थोडक्या भाड्यात जातं. मग घरात बेत ठरतो तो असा: 'फुकट आहे तोवर नेऊन आणू.'

या बेतात पैशांचा विचार आहे, रजेचा आहे, फोटोंचाही आहे. फक्त ज्याच्या नावाने बेत ठरतो त्या मुलाचा नाही.

आमच्या रायगडच्या किनाऱ्याला हा प्रश्न नवा आहे. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झालं, तेव्हा अलिबागच्या मुलासाठी ते दूरदर्शनवर बघण्याचं ठिकाण होतं. मांडव्याहून लाँचने मुंबई, तिथून लोकलने बोरिवली आणि पुन्हा गोराईची होडी, एवढं करून जाणारे थोडेच. ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. पण त्याआधी, २०१३ च्या एप्रिलमध्ये, खालापूर तालुक्यात इमॅजिका उघडलं आणि जत्रेपेक्षा शंभर पटींनी मोठी जत्रा आमच्याच जिल्ह्यात येऊन बसली. आता मे महिन्याची सुट्टी लागली की कोळीवाड्यापासून सरकारी वसाहतीपर्यंत एकच विचारणा, 'जाऊन आलात का?' नाही म्हणणाऱ्याला आपण मुलांसाठी काहीच करत नाही असं वाटायला लागतं.

जाऊ नका असं सांगायला मी बसलेलो नाही. दहा-बारा वर्षांची मुलं तिथून परत येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते खोटं नसतं. भीतीला सामोरं जाऊन ती जिरवण्यात एक आनंद असतो आणि त्या वयाला तो हवाच असतो. माझा वाद दोन, तीन, चार वर्षांच्या मुलांना तिथे ओढत नेण्याशी आहे, आणि त्याहूनही, ते करताना आपण स्वतःला जे सांगतो त्याच्याशी आहे.

पहिलं समर्थन म्हणजे आठवण. 'त्याला जन्मभर लक्षात राहील.' राहणार नाही. माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काही आठवत नाही, हे मानसशास्त्राने केव्हाच नोंदवलेलं आहे, आणि ते तपासायला प्रयोगशाळाही नको. स्वतःचीच सगळ्यात जुनी आठवण शोधून बघावी. आपल्याला जे आठवतंय असं वाटतं, त्यातलं निम्मं तर आईने सांगितलेलं किंवा अल्बममध्ये पाहिलेलं असतं. लहानपणीचे अनुभव वाया जातात असा याचा अर्थ नाही. कोणाच्या कडेवर सुरक्षित वाटलं, कोण आपल्या रडण्यावर हसलं, हे आठवणीशिवायही आत उतरतं. म्हणजे त्या दिवसातलं मुलाच्या वाट्याला काय उरणार असेल, तर पाळणे नाहीत, आपलं वागणं.

दुसरं समर्थन म्हणजे, 'त्याला डायनोसॉर किती आवडतात!' आवडतात ते पुस्तकातले. इमॅजिकात राजासॉरसच्या नावाची एक जलसफर आहे. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नव्हे, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. मोठ्या मुलाला हे आधी सांगून नेलं तर ती सफर दुप्पट रंगते. पण तीन वर्षांच्या मुलाला पानावरचा डायनोसॉर मिटता येतो, अंधारात मान काढून ओरडणारा मिटता येत नाही. खरं काय आणि सोंग काय, ही रेघ साधारण तीन ते पाच या वयात हळूहळू पक्की होते. ती पक्की होण्याआधी आपण मुलाला सोंगांच्या गावात सोडतो आणि ते किंचाळलं की म्हणतो, 'अरे, खोटं आहे ते!' त्याच्यापाशी अजून ही सोय नाही.

ही रेघ कशी पक्की होते, हे पाहायचं तर आमच्या दक्षिण रायगडातला शिमगा पाहावा. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या गावांत खेळे येतात, त्यांत संकासुर असतो. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, लांब दाढी, कमरेला घुंगरं. पहिल्या वर्षी मूल आईच्या पदराआडून बाहेर येत नाही. पुढच्या शिमग्याला पदर थोडा बाजूला करून बघतं. त्याच्या पुढच्या वर्षी दाराच्या चौकटीपर्यंत येतं, संकासुर वळला की आत पळतं. आणि एके वर्षी पोरांच्या घोळक्यात त्याच्या मागे धावताना दिसतं, टोपीखालचा माणूस कोण हेही त्याला ठाऊक झालेलं असतं. या सगळ्यात ते मूल तयार झालं की नाही, हे दुसऱ्या कोणी ठरवलेलं नाही. दार उघडं होतं, पदर होता, घर पाठीशी होतं, आणि खेळे पुढच्या वर्षी पुन्हा येणार होते. काही आया संकासुराच्या हाती देईन म्हणून पोरांना घाबरवतात हेही खरं, आणि ते वाईटच. पण चालीची मूळ रचना शहाणी आहे.

जत्राही तशीच. चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्तजयंतीपासून पाच दिवस यात्रा भरते, वरसोलीला कार्तिकात विठोबाची भरते. तिथे आकाशपाळणा असतो, आवाज असतो, धूळ-गर्दी असते. मूल बापाच्या खांद्यावर बसून तासभर बघतं, पेंगायला लागलं की घरी येतं. पाळण्यात बसायला ते नाही म्हणालं तर फारसं काही बिघडत नाही. कारण जत्रेला दार नाही, दाराशी भरलेले पैसे नाहीत, म्हणून ते वसूल करण्याची घाईही नाही.

थीम पार्कात नेमकी ही घाई आपल्या मानगुटीवर बसते. माणशी एवढे मोजले, आता एकही राइड सुटता कामा नये. इथून पुढे जे होतं ते रांगेत उभं राहून कोणीही ऐकावं. 'घाबरट कुठला.' 'ती मुलगी असून बसली बघ.' 'एवढे पैसे काय रडायला भरले?' ज्या घरात पोराला जेवण्यासाठी बागुलबुवा, झोपण्यासाठी पोलीस आणि गप्प बसण्यासाठी डॉक्टरची सुई दाखवली जाते, तिथेच त्याने इमॅजिकातल्या सलीमगढ या भुताच्या किल्ल्याच्या अंधारात मर्द व्हावं अशी अपेक्षा असते. वर्षभर भीती पेरायची आणि एक दिवस तिकीट काढून धैर्य कापायला जायचं, हा कुठला न्याय? मुलाचं 'नको' हा त्याच्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय असतो. त्या निर्णयाला रांगेत हसून आपण मुलाला एवढंच शिकवतो, की तुझ्या अंगाबद्दल तुझ्यापेक्षा दुसऱ्यांचं म्हणणं मोठं. मुलींच्या बाबतीत या शिकवणीचे परिणाम पुढे काय होतात, ते वेगळं सांगायला नको.

दारातली उंचीची पट्टी पाहून अनेकांना वाटतं की तयारीचा निवाडा झाला. ती पट्टी फक्त एवढंच सांगते की कमरेचा पट्टा या शरीराला नीट बसेल. यंत्राच्या बाजूने ते रास्त आहे. पट्टीवर टाचा उचलायला लावणाऱ्या बापाला मात्र ते तेवढंही कळलेलं नाही.

आता शरीराचंच बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप सांगितली आहे, एक-दोन वर्षांच्याला अकरा ते चौदा, दुपारची झोप धरून. आणि आपला कार्यक्रम काय? मुरुडहून, श्रीवर्धनहून अंधारात उठवून गाडीत कोंबलेलं पोर. त्याला कार्लेखिंडीत नाहीतर पुढच्या कुठल्या घाटात गाडी लागते, वडखळच्या कोंडीत भूक, पेण-खोपोली रस्त्यावर पुन्हा उलटी. मेमधलं सह्याद्रीच्या पायथ्याचं ऊन. दुपारी दोनला, रोज ज्या वेळी ते आजीच्या मांडीवर झोपतं त्या वेळी, ते रांगेत उभं असतं. मग ते जमिनीवर लोळण घेतं आणि आपण म्हणतो, हट्टी झालंय. एवढ्या अंतरावर जायचंच तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा, ऊन उतरलेल्या महिन्यात जावं, निम्मं पार्क पाहिल्यावर दुपारी बाहेर पडायची तयारी ठेवावी. यातलं काही परवडत नसेल तर दोन वर्षं थांबणं सगळ्यात स्वस्त.

या सहलीत आणखी दोन माणसं आहेत, ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. एक आई. ती दिवसभर लहान मुलाचे कपडे बदलते, स्वच्छतागृह शोधते, भरवते, आणि संध्याकाळी 'मजा आली ना?' या प्रश्नाला हो म्हणते. दुसरी आजी. ती झाडाखाली पिशव्यांची राखण करते. घरात एक नऊ वर्षांचा आणि एक तीन वर्षांची असेल, तर दोघांची एकच सहल काढणं म्हणजे दोघांवर अन्याय. मोठ्याला बापाने एकट्याने न्यावं, धाकटीने मामाच्या घरी राहावं. 'एकाला नेलं, एकाला नाही' यात भेदभाव नाही. धाकटीची पाळी तिच्या वेळेला येईल. आणि धाकटीला नेलंच, तर तिच्यामागे धावण्याचं काम अर्धा दिवस बापाने करावं. निदान मग 'पुढच्या वर्षी नेऊ' हा विचार घरात लवकर सुचेल.

मोठ्यांनी स्वतःसाठी जावं, यात मला काहीच गैर वाटत नाही. डिस्नेलँडची गोष्टच अशी आहे की वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसवून स्वतः बाकावर कंटाळत बसे, आणि आईबाप नि मुलं मिळून रमतील अशी जागा का नसावी, हे त्याला तिथे सुचलं. १९५५ साली कॅलिफोर्नियात ती जागा उघडली. म्हणजे या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी एका बापाचा कंटाळा आहे. मग आपणही सरळ कबूल करावं, 'मला जायचंय.' नवराबायकोने मूल आजीकडे ठेवून इमॅजिकाच्या नायट्रो रोलरकोस्टरवर ओरडून यावं. त्यागाचा आव आणून लेकराच्या नावावर बिल फाडण्यापेक्षा ते बरं.

मूल तयार आहे की नाही, हे ओळखायला महाराष्ट्राला बाहेरून शिकायचं कारण नव्हतं. रायगडच्याच उत्तरेला, याच अरबी समुद्राच्या काठी, बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणात नेली. आधी मुलाकडे बघायचं, ते कशात रमतं, कशाला बिचकतं ते टिपायचं, आणि मग आपण हलायचं. ही दृष्टी बालवाड्यांतून घराघरांत यायला हवी होती. अंगणवाड्या गावोगाव झाल्या, बघण्याची सवय मात्र मागे राहिली.

ती सवय असलेल्या घराला तयारी आपोआप दिसते. मूल घराबाहेरच्या स्वच्छतागृहात जातं का, रेशनच्या रांगेत वीस मिनिटं थांबू शकतं का, दुपारची झोप सुटली का, नकोशी गोष्ट रडण्याऐवजी शब्दांत सांगतं का. जत्रेतल्या छोट्या पाळण्यातून उतरल्यावर ते 'पुन्हा' म्हणालं की आईला घट्ट बिलगलं, यात निम्मं उत्तर आहे. बहुतेक मुलांचं हे सगळं सहा-सात वर्षांच्या आसपास जुळून येतं, काहींचं उशिरा. उशीर झाला म्हणून कोणाचं काही अडत नाही, पार्क पळून जात नाही.

तोवर काय, असा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्याने विचारू नये. सालिम अलींनी १९३० साली किहीमला राहून सुगरण पक्ष्यांची घरटी बांधण्याची रीत न्याहाळली आणि तिथल्या निरीक्षणांनी पक्षीशास्त्रात भर घातली. चार वर्षांच्या मुलापाशी तसं बघत बसण्याची ताकद उपजत असते. ओहोटीच्या वेळी आक्षीच्या वाळूत खेकड्याच्या बिळापाशी ते अर्धा तास उकिडवं बसतं, कंटाळतो तो आपण. समुद्र निर्धोक आहे असं मात्र समजू नये. २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीला आलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी मुरुडच्या पाण्यात बुडाले, ती तर मोठी मुलं होती. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून, मुलाचा हात धरून, घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत जावं. बनाना राइडवर त्याला बसवण्याची घाई ही तीच जुनी घाई.

शाळांकडेही बोट दाखवायला हवं. हिवाळ्यात सहली निघतात, बसमध्ये जागा उरल्या की पहिली-दुसरीची मुलंही भरली जातात, आणि जूनमध्ये वर्गात पहिला प्रश्न 'सुट्टीत कोण कुठे गेलं?' हाच असतो. ज्याच्या घरी जायला पैसे नाहीत, ते कातकरी वाडीतलं पोर तेव्हा खाली बघतं, आणि ज्याला नेलं होतं ते रडल्याची गोष्ट लपवतं. तो प्रश्न 'सुट्टीत काय पाहिलंस?' असा विचारायला खर्च नाही. सहलीला मात्र थोडा खर्च येईल. पालकसभेत हे ठरवून घ्यावं की ऐनवेळी 'मला नाही बसायचं' म्हणणाऱ्या मुलांबरोबर खाली थांबायला एक शिक्षक जादा न्यायचा, आणि कोण बसलं, कोण नाही, याची वर्गात चर्चा करायची नाही. जादा शिक्षकाचा खर्च मुलामागे थोडा वाढेल. त्यावर कुरकुर करणाऱ्या पालकाला मुख्याध्यापकांनी विचारावं, तुमचं मूल खाली थांबलं तर त्याच्यापाशी कोणी असावं की नाही?