दिनचर्येचे श्रेय

धारच्या भोजराजाच्या नावावर जे अनेक संस्कृत ग्रंथ सांगितले जातात, त्यांत ‘चारुचर्या’ हा एक आहे. विषय अगदी घरगुती: दात घासणे, अंगाला तेल लावणे, स्नान, वस्त्रे, विडा, जेवण, झोप. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यावर राज्य करणाऱ्या आणि वास्तुशास्त्रापासून काव्यशास्त्रापर्यंत लेखणी चालवणाऱ्या राजाच्या नावावर असे पुस्तक असावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही. भोजाने पतंजलीच्या योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ ही वृत्ती लिहिली. तिच्या आरंभी तो आपल्या तीन कामांचा एका दमात उल्लेख करतो: व्याकरण, योग आणि ‘राजमृगांक’ नावाचा वैद्यकग्रंथ. पहिल्याने वाणीचा मळ जातो, दुसऱ्याने मनाचा, तिसऱ्याने शरीराचा, असा त्यामागचा विचार आहे.

या मांडणीत आणि आजच्या स्वविकासाच्या साहित्यात मूळ फरक आहे. आजच्या पुस्तकांतला माणूस सारखा वाढत असतो. काल होता त्यापेक्षा आज थोडा सरस, उद्या आणखी. भोजाच्या चौकटीतल्या माणसावर रोज मळ साचतो आणि रोज तो काढावा लागतो. त्यात प्रगतीचा आलेख नाही, म्हणून अपयशाची टोचणीही कमी. दुसरी कल्पना जास्त खरी आहे असे म्हणायला जागा आहे. दात घासण्यात कोणी ‘पुढच्या पातळीवर’ जात नाही, आणि तरीही तो आयुष्यभर टिकणारा संस्कार आहे.

सवय लागते कशी, याविषयी जुन्या ग्रंथांत बारीक निरीक्षण आहे. योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी येतात: तो दीर्घकाळ चालला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये आणि तो आदराने झाला पाहिजे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अंगातल्या निम्म्या ताकदीइतकाच करायला सांगितला आहे. त्याच ग्रंथात, आणि त्याआधी चरकातही, वाईट सवय सोडण्याची रीत आहे. अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम टाकू नये. चौथ्या हिश्श्याने, नाहीतर त्याच्याही चौथाईने, म्हणजे सोळाव्या हिश्श्याने, कमी करत जावे. एकदम टाकलेले अंगावर उलटते, असा इशाराही आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला चहा, साखर आणि मोबाइल एकाच दिवशी सोडणाऱ्यांना हा सोळावा हिस्सा फारच भित्रा वाटेल. पण पंधरा तारखेपर्यंत बहुधा तोच तगून राहिलेला असतो.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे आज सर्रास ऐकू येणारे वाक्य. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात शोधला जातो. नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे म्हणणे होते. त्यातला ‘किमान’ वाटेत गळला आणि चेहऱ्याच्या जागी कोणतीही सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात निराळे चित्र दिसले. न्याहारीनंतर पाणी पिणे, जेवणाआधी धावणे अशी एखादी साधी गोष्ट रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडायची होती. ती आपोआप घडू लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. पतंजलीची ‘खंड नको’ ही अट इथे सैल होते खरी. पण तिसरी अट, आदराची, या अभ्यासाने मोजलीच नव्हती. पाणी पिण्यासारख्या गोष्टीत ती मोजायची तरी कशी? तिचा कस पाहायचा तर धारहून निघून इंदूरमार्गे देवासला यावे लागते.

१९४८ च्या जानेवारीअखेर कुमार गंधर्व देवासला राहायला आले. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ या नावाने गायक म्हणून गाजले होते. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांची तालीम झाली. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी क्षयाचे निदान झाले. मुंबईच्या दमट हवेपेक्षा माळव्याच्या पठाराची कोरडी हवा बरी, म्हणून देवास. गाणे बंद. खाटेवर पडून राहणे, मोकळी हवा, सकस आहार हीच त्या काळी क्षयावरची दिनचर्या होती, आणि युरोपातल्या आरोग्यधामांतही याहून फार वेगळे काही चालत नसे.

या काळाची कथा सांगताना ती जिद्दीची कथा करण्याचा मोह अनेकांना होतो: मनोबलाने मृत्यूला परतवले, वगैरे. तसे घडलेले नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले होते. १९५२ च्या सुमारास ते देवासच्या या रुग्णाला मिळाले आणि तब्येतीला उतार पडला. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले होते. १९५३ मध्ये मैफल पुन्हा सुरू झाली. जिवाणू मारला तो औषधाने. कणखर स्वभावाची, नेमाने राहणारी, आशावादी अशी असंख्य माणसे त्याच दशकात क्षयाने गेली. त्यांच्या मनोवृत्तीत काही उणे होते असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. सकारात्मक विचाराने रोग बरा होतो, असे सांगणारा बरे न झालेल्याच्या माथी नकळत दोष मारतो.

क्षयाच्या बाबतीत दिनचर्येची मर्यादा पुढे रीतसर तपासलीही गेली. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. तिथे काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना शहरातल्या त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे वर्षभर देण्यात आली. आरोग्यधामातल्यांना विश्रांती जास्त, अन्न चांगले, हवा मोकळी. घरच्यांना यातले काहीच धड नाही. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्हीकडचे यश जवळपास सारखे निघाले. हवा, आराम आणि दूध यांवर पिढ्यान् पिढ्या ठेवलेल्या भरवशाला हा धक्का होता. मात्र त्याच अनुभवातून सवयीची दुसरी, फार रुक्ष बाजू पुढे आली. बरे वाटू लागले की रुग्ण गोळ्या सोडतो आणि रोग उलटतो. म्हणून पुढे कोणाच्या तरी देखत गोळी घ्यायची पद्धत आली. भारतात १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने ती स्वीकारली. निव्वळ इच्छाशक्तीवर सोडलेली गोष्ट महिनोन् महिने टिकत नाही, समोर कोणीतरी लागते, हे त्या कार्यक्रमाने गृहीत धरले. स्वयंशिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांपेक्षा त्याला माणूस जास्त कळला होता.

मग देवासच्या त्या वर्षांत दिनचर्येचा वाटा कोणता? रोग बरा करण्यात थोडा. बरे झाल्यावर गायचे काय, हे ठरण्यात मात्र फार मोठा. गाता येत नव्हते, ऐकता येत होते. घराभोवती माळवी बायकांची लग्नाची, बाळंतपणाची, सणावारांची गाणी चालत. दारावरून निर्गुणी भजने गाणारे नाथपंथी जात. गावात नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तेव्हा ही परंपरा देवासला नवी नव्हती. पडल्या पडल्या ऐकलेल्या या धुना कुमारांनी टिपल्या, त्यांची स्वरलिपी केली, आणि चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या धुनेत रागाचे बीज असते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच ‘धुनउगम’ राग निघाले. लगनगंधार, मालवती, संजारी, मधसुरजा ही त्यांतली काही नावे. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात बंदिशी आल्या. ऐकण्याची ही सवय कोणी ठरवून लावलेली नव्हती. नाइलाजातून आलेली होती. पण तिच्यात आदर होता, म्हणून ती निव्वळ वेळ घालवण्यावर थांबली नाही. शेजारच्या ओसरीवरची तीच गाणी हजारोंनी ऐकली होती.

यातली आदराची अट तंबोरा लावताना डोळ्यांना दिसते. कुमारांचा तंबोऱ्यांविषयीचा आग्रह प्रसिद्ध आहे. खुंटी पिळून तार ढोबळ स्वरात येते. मग घोडीखालचा मणी केसभर सरकवून बारीक फरक काढायचा. मग घोडी आणि तार यांच्यामधले सूत हळूहळू सरकवत जायचे, जोवर जवारी खुलून तार गुंजत राहत नाही तोवर. एक तार लागली की तिच्यामुळे दुसरीची चूक ऐकू येते. हवेत ओल वाढली, ऊन तापले, की सगळे पुन्हा उतरते. काल लावलेला तंबोरा आज उपयोगाचा नसतो, त्यामुळे हे काम रोजचे असूनही यंत्रासारखे करता येत नाही. एका प्रकारच्या सवयीत लक्ष मोकळे होते. दात घासताना माणूस दुसरा विचार करू शकतो, आणि त्या सवयीचा फायदाही तोच. दुसऱ्या प्रकारात रोज लक्ष द्यावेच लागते. सवयींवरच्या बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत या दोहोंची सरमिसळ असते, आणि पहिल्या प्रकारची युक्ती वापरून दुसऱ्या प्रकारचे फळ मिळेल अशी आशा दाखवली जाते.

कुमारांच्या गाण्यातल्या तुटक, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचे कारण एका फुप्फुसात शोधण्याची रीत आहे. दम कमी, म्हणून तान छोटी. हे अर्धेच पटते. दम कमी पडलेला प्रत्येक गायक असा गात नाही. मर्यादा शरीराने घातली असली तरी तिच्या आत काय करायचे, हा निर्णय बुद्धीचा होता. योगसूत्रांत अभ्यासाच्या जोडीला वैराग्य येते ते इथे समजून घेता येते. बालपणी ज्या गायकीने नाव मिळवून दिले, तिच्यातले बरेचसे त्यांनी परत मागितले नाही.

राहिला तो वाटा भानुमतीबाईंचा. त्या स्वतः देवधरांच्या विद्यालयात शिकलेल्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरून घर चालवले आणि घरी येऊन शुश्रूषा केली. पाच वर्षे एक माणूस अंथरुणावर ऐकत राहू शकला, कारण दुसरे माणूस ठरल्या वेळी उठून शाळेत जात होते. ‘चारुचर्ये’तल्या राजाच्या स्नानाचे पाणी कोणी तापवले हे जसे ग्रंथात येत नाही, तसेच सवयींच्या आधुनिक साहित्यात पहाटे पाचला उठून ध्यानाला बसणाऱ्याचा डबा कोण भरते, हेही येत नाही. बाईच्या दिनचर्येला कोणी साधना म्हणत नाही. तिचा खंड मात्र लगेच लक्षात येतो. भानुमतीबाई १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. १९६२ मध्ये कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. त्या स्वतः गायिका होत्या आणि पुढे मैफलींत त्यांच्या मागे बसून साथ करत राहिल्या. चामुंडा टेकडीच्या पायथ्याचे ‘भानुकुल’ हे घर १९९२ मध्ये कुमार गेले तोवर त्यांचे राहिले.