टेपरेकॉर्डरचं तोंड कुणाकडे?

ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि त्याचे पडसाद अमेरिकेतल्या शाळांच्या फ्रेंच-स्पॅनिशच्या तासांपर्यंत उमटले. आपण मागे पडलो या धास्तीने तिथल्या संसदेने पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. गणित-विज्ञानाच्या पंगतीत परकीय भाषाही येऊन बसल्या आणि भाषा-प्रयोगशाळांसाठी सरकारी तिजोरी उघडली. दोन्ही बाजूंनी आडोसा असलेली बाकं, प्रत्येक बाकावर हेडफोन, समोर शिक्षकाचं बटणांचं टेबल. टेपवर वाक्य यायचं, मुलाने ते म्हणायचं. पुन्हा यायचं, पुन्हा म्हणायचं. पाढे घोकून घेणाऱ्या आपल्या जुन्या पंतोजींना ही पद्धत मुळीच परकी वाटली नसती. फरक एवढाच, की छडीच्या जागी वायर होती.

1963 मध्ये कीटिंग नावाच्या अभ्यासकाने न्यूयॉर्क परिसरातल्या शाळांमधल्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत न बसलेली मुलं बऱ्याच बाबतींत बसलेल्या मुलांपेक्षा सरस निघाली. मग पेनसिल्व्हेनियात आणखी मोठा, कित्येक वर्षं चाललेला अभ्यास झाला आणि प्रयोगशाळेने म्हणावा तसा फरक पडलेला त्यातही दिसेना. यंत्रवाल्यांनी संशोधकांच्या पद्धतीला नावं ठेवली. पद्धत बरोबर असेल तर शिक्षकांना यंत्र वापरता येत नाही, असा दुसरा बचाव तयार होताच. या सगळ्या वादात एक गोष्ट कुणाला खटकली नाही. त्या बटणांच्या टेबलामागे रोज उभा राहणारा माणूस या अभ्यासांत मोजला जात होता. तो स्वतः काही मोजत नव्हता. मुलांच्या कानांत टेप चालू असताना त्याला काय दिसलं, काय खटकलं, हा संशोधनाचा विषय आहे असं त्यालाही वाटत नव्हतं.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये तोच टेपरेकॉर्डर दुसऱ्या कामाला लागला. लॉरेन्स स्टेनहाऊस यांच्या मानव्यविद्या अभ्यासक्रम प्रकल्पात (1967 ते 1972) युद्ध, गरिबी, कुटुंब अशा वादाच्या विषयांवर मुलांनी चर्चा करायची आणि शिक्षकाने कुणाचीही बाजू न घेता ती चालवायची, असं ठरलं होतं. शिक्षकांनी आपल्या तासांची ध्वनिमुद्रणं केली आणि नंतर ती ऐकली. आपण निःपक्षपाती आहोत अशी ज्यांची खात्री होती, त्यांना आपलाच आवाज दर थोड्या वेळाने ‘मग हे सगळ्यांना मान्य आहे ना?’ असं विचारताना ऐकू आला. हेतू सरळ होता, चर्चा पुढे सरकावी एवढाच. पण तो प्रश्न आला की वेगळं मत असलेलं मूल गप्प बसायचं. पुढे जॉन एलियट आणि क्लेम एडेलमन यांनी फोर्ड टीचिंग प्रोजेक्टमध्ये हेच काम आणखी नेटाने केलं. तासाबद्दल शिक्षकाचं म्हणणं काय, मुलांचं काय आणि मागे बसून पाहणाऱ्याचं काय, हे शेजारी शेजारी ठेवायचं. ती तिन्ही म्हणणी सहसा जुळत नसत, आणि काम तिथूनच सुरू व्हायचं.

यंत्र तेच, फक्त त्याचं तोंड फिरलेलं. अमेरिकेत ते मुलाकडे होतं, इंग्लंडमध्ये शिक्षकाकडे. भाषेच्या वर्गातल्या तंत्रज्ञानावर आपल्याकडे बोललं जातं तेव्हा पडदा केवढा, इंटरनेट आहे का, ॲप कुठलं, एवढंच विचारलं जातं. तोंड कुणाकडे, हे क्वचितच कुणी विचारतं.

शिक्षकाने स्वतःला ऐकावं म्हणजे काय ऐकावं, याची चुणूक अमेरिकेतल्याच मेरी बड रो यांच्या कामात मिळते. विज्ञानाच्या तासांच्या शेकडो टेपा ऐकून त्यांनी एक साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो. उत्तर निघालं, सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिक्षक स्वतःच बोलतो, प्रश्न फिरवतो नाहीतर दुसऱ्याकडे वळतो. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. सगळ्यांत बोचणारं निरीक्षण वेगळंच होतं. ज्या मुलांना शिक्षक कच्ची समजतात, त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबतात. हे कुणी ठरवून करत नाही, म्हणून तर टेप लागते.

आता आपल्याकडच्या तिसरी-चौथीच्या मराठीच्या तासाची दहा मिनिटं फोनवर मुद्रित करा आणि वहीत शब्दन् शब्द उतरवून काढा. दहा मिनिटं उतरवायला तास-दीड तास जातो आणि तो जायलाच हवा. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये, कारण उतरवताना जे ऐकू येतं ते वाचताना येत नाही. पानावर साधारण असं काही उमटेल:

‘कावळ्याला लागली होती खूप त…’
‘…हान!’
‘मग त्याला दिसला एक मा…’
‘…ठ!’
‘समजलं का सगळ्यांना?’
‘हो सऽऽर!’

आपल्या वर्गांत ही लकब इतकी मुरलेली आहे, की ती लकब आहे हेच आपण विसरलो आहोत. शब्दाचा पहिला तुकडा गुरुजींचा, शेपूट मुलांचं. तासभर वर्ग दणाणतो, पाहुण्याला वाटतं काय जिवंत वर्ग आहे! पण उतरवलेल्या पानावर मुलांच्या बाजूला अख्खं वाक्य शोधायला गेलं तर बोटं मोजायची वेळ येत नाही. भाषेच्या तासात मुलांनी भाषा बोललीच नाही, हा निष्कर्ष काढायला सांख्यिकी लागत नाही.

आणि याच वर्गात टीव्ही येतो. लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा कुठल्या कंपनीच्या सामाजिक निधीतून आलेला. त्यावर कवितेचा व्हिडिओ लागतो, मुलं भान हरपून पाहतात, आणि तो संपला की सर विचारतात, ‘मजा आली का?’ मुलं म्हणतात, ‘हो सऽऽर!’ व्हिडिओने त्या तासात नक्की काय बदललं? माझा अंदाज असा, की काही ठिकाणी त्याने मुलांच्या वाट्याचं उरलंसुरलं बोलणंही घेतलं असेल आणि काही ठिकाणी मुलांना बोलायला नवीन काहीतरी दिलं असेल. कुठे काय झालं हे राज्याच्या आकडेवारीतून कळणार नाही. व्हिडिओचा एक तास आणि बिनव्हिडिओचा एक तास, दोन्ही मुद्रित करून मुलांची पूर्ण वाक्यं मोजणाऱ्या शिक्षकाला मात्र कळेल. तेही एका वर्गापुरतंच. पण उद्या शिकवायचंही त्याच वर्गाला असतं.

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, हे तर आम्ही करतोच. कृतिसंशोधन!’ डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाच्या कपाटात ते असतं. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, आत ऋणनिर्देश, समस्येचं शीर्षक, पूर्वचाचणी, दहा-पंधरा दिवसांचा उपक्रम, उत्तरचाचणी, दोन स्तंभालेख. दुसरा स्तंभ नेहमी उंच. दुसरा स्तंभ बुटका असलेलं कृतिसंशोधन शोधून दाखवावं. दहा दिवस मुलांकडे कुणी जास्तीचं लक्ष दिलं तर गुण वाढणारच. ते पीपीटीमुळे वाढले की सर जवळ येऊन बसले म्हणून, हा प्रश्न त्या आराखड्यात मावत नाही. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा अहवाल नाव बदलून मिळतो, यात विद्यार्थ्यांचा दोष मी कमी धरतो. ज्याचं उत्तर आधीच ठरलं आहे तो प्रश्न कशाला कुणी नव्याने विचारील? सेवेत आल्यावर याच वळणावर नवोपक्रम स्पर्धा असतात. त्यांतून चांगली कामं पुढे आली आहेत, हे मान्य. पण स्पर्धेत यश मांडावं लागतं, आणि फसलेला प्रयोग घेऊन स्पर्धेला कोण जाईल?

स्टेनहाऊस यांची संशोधनाची कसोटी दोनच गोष्टींची होती: चौकशी पद्धतशीर हवी आणि ती चारचौघांपुढे मांडलेली हवी. यात पूर्वचाचणी नाही, की स्तंभालेख नाही. आपल्याकडेही याची परंपरा नाही असं नाही. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि रोजच्या वर्गातल्या अनुभवांवर त्या भरभरून लिहीत राहिल्या. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन कसं शिकवावं याचं काम मुलांशेजारी बसून उभं केलं. दोघींच्या हाती यंत्र म्हणावं असं काही नव्हतं. नजर होती आणि लिहिण्याची शिस्त होती.

तंत्रज्ञान आलं की ही नजर बोथट होण्याचा धोका असतो, कारण यंत्र स्वतःच मोजून देतं. वाचनाची ॲप घ्या. मूल पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, बरोबर शब्द मोजतो, चांदण्या देतो. अमरावतीकडच्या एखाद्या खेड्यातलं मूल ‘डोळे’ हा शब्द पाहून ‘डोये’ म्हणतं, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं. त्याने वाचलं की चुकलं? माझ्या मते वाचलं. अक्षरं ओळखली, अर्थ लागला आणि शब्द आपल्या घरच्या वऱ्हाडीत उच्चारला. फोनचं मत काय? ते माहितीपत्रकात नसतं. तो काही उच्चार चालवून घेत असेल, काही अडवत असेल, आणि पुढच्या अपडेटला आपलं मत बदलतही असेल. हे शोधायला फार काही लागत नाही. पाच-सहा मुलं, छापील उतारा, पेन्सिल. मूल फोनसमोर वाचत असताना शिक्षकाने शेजारी बसून आपल्या कानाने खुणा करायच्या. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी वाचनाच्या नोंदीची अशी कागद-पेन्सिलीची पद्धत रूढ करून कितीतरी दशकं झाली. मग फोनचा निकाल शेजारी मांडायचा. दोघांचं जमलं नाही त्या शब्दापाशी थांबून मुलाला त्याचा अर्थ विचारायचा. कधी फोन चुकलेला निघेल. कधी मास्तरांचा कान! ‘हा कच्चा आहे’ असं आधीच ठरवून ऐकणारा कान काय काय ऐकतो, ते त्या तक्त्यात लख्ख दिसतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचा पाठ्यपुस्तकांतला क्यूआर कोड लक्षात ठेवला. पुरस्कार देणाऱ्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या तोंडी नव्हती: पाठ्यपुस्तकं मुलींच्या घरच्या भाषेत नव्हती आणि डिसले यांनी ती त्या भाषेत आणली. पुस्तकाची भाषा आणि मुलांची भाषा यांत अंतर आहे, हे आधी वर्गात कुणाला तरी जाणवावं लागतं. कोड नंतर येतो. आज कोड बालभारतीच्या पुस्तकांवर छापून येतो. ते जाणवणं छापून येत नाही.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप खरा आहे. फोन आजही शिक्षकाच्या हातात दिवसभर असतो, पण त्याचं तोंड तिसऱ्याच दिशेला असतं: वर, कार्यालयाकडे. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची माहिती, उपक्रमाचे फोटो, ‘लिंक तातडीने भरा’चे निरोप. वर्गात कविता चालू असताना फोटोसाठी मुलांना हात वर करायला लावणारा शिक्षक लबाड नसतो, दमलेला असतो. त्याच्या डोक्यावर ‘संशोधन’ नावाचा आणखी एक रकाना ठेवला तर तोही तो तसाच भरेल.

म्हणून हे काम वरून येऊ नये. आसपासच्या शाळांच्या केंद्रात दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. तिथे मार्गदर्शनपर भाषणं होतात, चहा होतो, पुढच्या महिन्याच्या सूचना होतात. त्यातला अर्धा तास एका शिक्षकाला द्यावा. त्याने आपल्या तासातली पाच मिनिटं ऐकवावीत, उतरवलेलं पान वाटावं आणि आपल्याला न सुटलेला एकच प्रश्न मांडावा. बाकीच्यांनी उपाय सुचवायची घाई करू नये. आधी काय ऐकलं तेवढंच सांगावं. केंद्रप्रमुखांनी हवं तर बसावं, पण अहवाल मागू नये. मुलांच्या आवाजाचा प्रश्न नाजूक आहे. मुद्रणाआधी पालकांना विचारायचंच. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. पान उतरवून झालं की मुलांची नावं खोडायची आणि परिषदेत ऐकवून झालं की मुद्रण पुसायचं. ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचं नाही, अगदी ‘उत्कृष्ट उपक्रम’ म्हणून कुणी मागितलं तरी.