कुटज कुणाला ओळखतो?

अकोले तालुक्यात कुडा कुणाला शिकवावा लागत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या उतारांवर तो उन्हाळ्यात पांढरा फुलतो. फुलांची भाजीही होते. याच जिल्ह्यात, नगर शहरात, गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय काढले. आयुर्वेदाच्या अभ्यासात हा कुडाच ‘कुटज’ असतो: आवेवर साल, बिया म्हणजे इंद्रजव, शिवाय कुटजारिष्ट.

पण कुडा एकच नाही, पांढरा आणि काळा असे दोन. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या मात्र टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्याचे बी कडू, काळ्याचे नाही, म्हणून बाजारात कडू आणि गोड असे दोन इंद्रजव. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही कुटज दोन आहेत, पुरुष आणि स्त्री. काळ्या कुड्याला स्त्रीकुटज ठरवून मोकळे होणारे बरेच. मात्र चरकाने स्त्रीकुटजाचे फूल काळपट-तांबूस सांगितले आहे आणि काळ्या कुड्याचे फूल पांढरेच. पोथी उघडी, फांदी हातात, तरी मेळ बसत नाही.

संस्कृत नावे वर्णनातून घडलेली. गुळवेल तोडली तरी फुटते म्हणून ‘छिन्नरुहा’, आडव्या कापावर चाक दिसते म्हणून ‘चक्रलक्षणिका’. राजनिघंटू या वनस्पतिकोशाने नावे पडण्याची सात कारणे दिली आहेत. रूढी, स्वभाव, खूण, उपमा आणि चक्क देशी बोलीसुद्धा त्यांत आहे. नावे देखणी खरीच, पण ज्याने झाड आधी पाहिले त्याच्याच उपयोगाची. न पाहिलेल्याला शंखपुष्पी म्हणून कुणी विष्णुक्रांता देतो, कुणी गोकर्ण. रास्नेचे तर विचारूच नये: उत्तरेत रास्ना म्हणजे एक झुडूप, केरळात कोष्टकोळिंजन, बंगालात झाडावर वाढणारे ऑर्किड.

चरकाला हे ठाऊक होते. रानातले शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि गुराखी वनस्पती नावारूपाने ओळखतात, असे तो पहिल्याच अध्यायात सांगतो. मग बजावतो, की एवढ्याने वैद्य होत नाही. औषध म्हणून त्यांची योजना कळली पाहिजे. आपण हे बजावणे तेवढे पाठ केले. ओळख गुराख्याकडून व्यापाऱ्याकडे गेली आणि वैद्याच्या हाती भुकटी आली. भुकटीला ना शेंग, ना फूल.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. तेव्हा आयुष मंत्रालयाने जे आक्षेप घेतले, त्यांत एक असा, की ती वेल गुळवेलच होती हे तपासलेले नाही. टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दिसायला जवळची जात असू शकते. आक्षेप रास्त आहे. पण तो रोज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीलाही लागू पडतो.

म्हणून ओळख पटवणारे लॅटिन नाव आणि वाळवून जपलेला नमुना यांना परके मानण्यात अर्थ नाही. वामन गणेश देसाईंसारख्यांनी ‘औषधीसंग्रहा’त देशी आणि लॅटिन नावे शेजारी नांदवलीच. माझी मागणी त्याहून थोडी आगाऊ आहे. द्रव्यगुण या औषधी वनस्पतींच्या विषयाच्या तोंडी परीक्षेला राजूरपलीकडचा एखादा ठाकर किंवा महादेव कोळी परीक्षक बसवावा आणि विद्यार्थ्यापुढे दोन्ही कुड्यांच्या फांद्या ठेवाव्यात. पदवीची अट आड येत असेल, तर ती बदलता येते.