सापडलेली बंदूक आणि न गंजणारा हक्क



देवघेवीच्या व्यवहारात समोर दुसरा माणूस असतो, कागद असतो, साक्षीदार असतात. परंतु एकाकी वाटेवर पायाशी एखादी वस्तू पडलेली दिसते, तेव्हा तेथे बंदा आणि त्याचा रब यांच्यावाचून तिसरे कोणी नसते. अशा सापडलेल्या वस्तूस शरीअतमध्ये ‘लुकता’ म्हणतात आणि फिक्हच्या ग्रंथांत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या धर्माने वाटेवर पडलेल्या थैलीसाठी एक प्रकरण राखून ठेवले, त्या धर्मात दुसऱ्याच्या हक्काचे मोल किती असेल, याचा विचार करावा.

२०१४ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात, ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात, तेथील पुरातत्त्वाचे काम करणाऱ्यांना ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक रायफल आढळली. ऊन, पाऊस आणि बर्फ सोसून तिच्या लाकडी दस्त्याला भेगा पडल्या होत्या, नळी गंजली होती आणि दस्त्याचे टोक मातीत रुतले होते. ती विंचेस्टर कंपनीची, १८७३ च्या नमुन्याची रायफल होती. तिच्यावरील क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा ती १८८२ मध्ये तयार झालेली निघाली. ती कोणी, केव्हा आणि का तेथे ठेवली, हे शोध घेऊनही उलगडले नाही. कोणी शिकारी क्षणभर विसावला असेल, जनावरामागे गेला असेल आणि परतला नसेल, अल्लाहच जाणतो.

ही हकीकत दूरदेशीची असली, तरी वारणाकाठच्या वाचकाला ती परकी वाटू नये. आपली वारणा ज्या सह्याद्रीतून येते, तेथे आज चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्याच जिल्ह्यातील दाजीपूरचे रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. तरीही रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी डोंगराकडेच्या गावांत आहेत. तेव्हा असे समजा, की वारणानगर-कोडोली भागातला एखादा तरुण सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याकडच्या डोंगरात गेला आणि करवंदीच्या जाळीत त्याला एक गंजलेली शिकारी बंदूक दिसली. त्याने काय करावे?

मनात पहिले उत्तर उमटते ते असे: “इतकी जुनी वस्तू, आता कोणाची असणार?” दुसरे उत्तर याहून घातक असते: “सापडली, म्हणजे अल्लाहनेच दिली.” बंधूंनो, अल्लाह रोजी देतो, हे सत्य आहे, पण समोर आलेली प्रत्येक वस्तू रोजी नसते. काही वस्तू परीक्षा म्हणून समोर ठेवल्या जातात. लोखंड गंजते, लाकूड कुजते, परंतु मालकाचा हक्क गंजत नाही. मालक मरण पावला, तरी त्याचे वारस असतात.

हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्या निवेदनानुसार एका माणसाने आदरणीय प्रेषितांना (स.) सापडलेल्या वस्तूविषयी विचारले. प्रेषितांनी (स.) सांगितले, की तिची थैली आणि ती बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवावी, मग वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी आणि मालक आला तर ती त्याच्या हवाली करावी. त्याने हरवलेल्या शेळीविषयी विचारले, तेव्हा तिला घेण्याची अनुमती मिळाली, कारण एरवी ती लांडग्याच्या तोंडी जाईल. परंतु हरवलेल्या उंटाविषयी विचारताच प्रेषितांचा (स.) चेहरा क्रोधाने लाल झाला. उंटाशी तुझा काय संबंध? तो स्वतः चालतो, पाणी पितो, झाडपाला खातो. मालक त्याला शोधून काढील, असा त्या उत्तराचा आशय होता (बुखारी, मुस्लिम).

या शिकवणुकीत दोन गोष्टी आहेत. एक, उचलणे हे नेहमीच पुण्य नसते. वस्तू राहू दिल्याने सुरक्षित राहणार की उचलल्याने, हे आधी पाहावे. दुसरी, ओळखीची खूण जपावी. त्या काळी थैली आणि दोरी ही खूण होती, आज बंदुकीवर कोरलेला क्रमांक ही खूण आहे. नेवाडातील रायफलीचे जन्मवर्ष त्या क्रमांकानेच सांगितले. तो घासून पुसणारा माणूस मालकाचा परतीचा रस्ता पुसत असतो.

आता बंदूक उंटासारखी की शेळीसारखी? ती तेथेच सोडून निघून गेलो, तर उद्या गुराख्याच्या पोराच्या हाती लागेल. उचलून घरी आणली, तर धोका घरात आला. नेवाडातील रायफल रिकामी दिसत होती, पण क्ष-किरणांनी तपासल्यावर दस्त्याच्या पोकळीत एक न उडालेले काडतूस निघाले. म्हणून कोणतीही बंदूक रिकामी समजू नये. चाप ओढून पाहणे, नळीत डोकावणे हा शुद्ध अविचार आहे. प्रेषितांनी (स.) बाजारातून किंवा मस्जिदीतून बाण नेणाऱ्याला त्यांची टोके हाताने धरून ठेवण्याची आज्ञा दिली आणि भावावर शस्त्र रोखण्यास मनाई केली, कारण शैतान केव्हा हात हलवील हे माणसाला कळत नाही. शस्त्राशी थट्टा नाही, हा आपल्या दीनचा नियम आहे.

देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा आहे आणि ‘मला सापडली’ म्हटल्याने ती बाळगण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणून मार्ग एकच: बंदुकीला हात लावू नये, जागा लक्षात ठेवावी, पोलीस पाटलांना किंवा ११२ क्रमांकावर कळवावे आणि पोलीस येईपर्यंत मुलांना तेथून दूर ठेवावे. सापडलेली वस्तू काजीच्या, म्हणजे अधिकृत व्यवस्थेच्या, स्वाधीन करण्यास फुकहांनी मान्यता दिलेली आहे. असे करणारा माणूस अमानत टाळत नाही, ती योग्य हाती पोहोचवतो.

येथे काही मातापित्यांच्या मनात एक प्रश्न येईल: “आमचा मुलगा बंदुकीची खबर घेऊन गेला, तर संशय त्याच्यावरच यायचा!” ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु तिचे उत्तर लपवाछपवीत नाही. हजरत इयाज बिन हिमार (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषितांनी (स.) फर्मावले, की ज्याला वस्तू सापडेल त्याने न्यायी साक्षीदार ठेवावेत आणि ती लपवू नये (अबू दाऊद). साक्षीदार मालकाचा हक्क राखतात आणि सापडणाऱ्याची अब्रूही राखतात. म्हणून तरुणाने एकट्याने काही करू नये. गावातील दोन जाणत्या माणसांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, सोबत घ्यावे, त्यांच्यासमोर खबर द्यावी आणि शक्य असेल तर लेखी पोच घ्यावी. याउलट बंदूक हाती धरून मोबाइलवर छायाचित्र काढणे आणि ते स्टेटसला ठेवणे, हा स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करण्याचा प्रकार आहे. मातांनो, आपल्या मुलांना हे आजच सांगा.

बंदूक क्वचितच कोणाला सापडेल. पण एसटीत राहिलेली पिशवी, बाजारात पडलेले पाकीट, उसाच्या फडाजवळ हरवलेले मंगळसूत्र यांच्याशी आपली गाठ पडतच असते. त्यांचे नियमही जाणून घ्यावेत. वस्तू सापडल्याचे जाहीर करावे, परंतु सर्व खुणा जाहीर करू नयेत. पाकिटातील रक्कम किंवा दागिन्याची घडण राखून ठेवावी आणि हक्क सांगणाऱ्याला विचारावी. मोबाइलवरील गटांत पूर्ण छायाचित्र टाकणारे चांगल्या हेतूने खोट्या मालकाला वाट करून देतात. मस्जिदीच्या आत हरवल्याची घोषणा करण्यास हदीसमध्ये मनाई आहे, हजरत उमर (रजि.) यांनी सीरियाच्या वाटेवर थैली सापडलेल्या माणसाला मस्जिदींच्या दारांशी ती जाहीर करण्यास सांगितले होते. एखादे फळ किंवा तत्सम किरकोळ वस्तू असेल, तर गोष्ट निराळी. मौल्यवान वस्तूची मुदत साधारण एक वर्ष, पण हजरत उबय बिन काअब (रजि.) यांना शंभर दीनारांची थैली सापडली, तेव्हा प्रेषितांच्या (स.) आज्ञेवरून ते वर्षांमागून वर्षे मालकाचा शोध घेत राहिले.

एवढे करूनही मालक आला नाही, तर आपल्या हनफी मतानुसार सापडणारा गरजू असल्यास वस्तू वापरू शकतो. संपन्न असेल तर त्याने ती मालकाच्या वतीने सदका करावी. कोकणातील आपले शाफई बांधव श्रीमंतालाही वापराची मुभा मानतात. मात्र पुढे मालक आला, तर त्याचा हक्क उरतोच, यावर दोन्ही मतांचे इमाम ठाम आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेही सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती विश्वासाने सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे.

पवित्र कुरआनने सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याची आज्ञा दिली आहे. तेथे हक्कदार आपल्या धर्माचा असावा, ओळखीचा असावा, अशी अट नाही. हिजरतच्या रात्री ज्यांनी प्रेषितांचा (स.) जीव घेण्याचा बेत केला होता, त्या मक्कावासीयांच्या ठेवीही परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. शत्रूची ठेव जर पवित्र, तर वारणा खोऱ्यातल्या आपल्या शेजाऱ्याची किती पवित्र! आज आपल्याविषयी गैरसमज पसरवणारे पुष्कळ आहेत. त्यांना दिलेली शंभर उत्तरे जे करणार नाहीत, ते परत केलेले एक पाकीट करून जाते.

हे अल्लाह, आम्हाला हलाल रोजीवर समाधानी ठेव. दुसऱ्याच्या हक्काकडे जाणारा आमचा हात रोख, आणि जे आमच्याकडे अमानत म्हणून आले आहे ते हक्कदाराच्या हाती पोहोचवण्याचे सामर्थ्य दे. आमीन.