प्रसंगानं आलेला भाविक

फेब्रुवारी सरता सरता गणपतीपुळ्याला जरा उसंत मिळते. नाताळची झुंबड ओसरलेली असते, मे महिना लांब असतो आणि दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे निम्मी कुटुंबं पुण्या-मुंबईतच अडकलेली असतात. कलमांचा मोहर गळून बोराएवढ्या कैऱ्या दिसू लागतात. किनाऱ्यावर उंटवाला गिऱ्हाइकाची वाट बघत उभा असतो. अशा दिवसांत जे येतात, ते खोलीवर बॅगा टाकून आधी पाण्यात शिरतात. दर्शनाचं संध्याकाळी बघू, असं ठरतं.

हे लोक देवासाठी आले की समुद्रासाठी? रांगेतले जुने भाविक हा प्रश्न नाक मुरडूनच विचारतात. पण गणपतीपुळ्यात त्याचं उत्तर देणं सोपं नाही. इथला गणपती स्वयंभू, आणि मागचा डोंगर हेच देवाचं रूप मानलेलं. त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटरची. वाटेचा काही भाग समुद्राला लागूनच जातो. त्या वाटेवर कुणी अथर्वशीर्ष पुटपुटत असतं, कुणी मावळतीचा फोटो काढत असतं, आणि एखादं जोडपं नुसतंच फिरायला निघालेलं असतं. तिघांचेही पाय देवाभोवतीच फिरतात. मग प्रदक्षिणा कुणाची घडली?

शास्त्रकारांना हा प्रश्न नवा नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिला, त्याचा 1953 साली आलेला चौथा खंड तीर्थयात्रेचा विषय सविस्तर हाताळतो. आपल्या धर्मनिबंधांत एक वचन आढळतं, आणि ते चक्क हिशेबनिसाच्या थाटात आहे: दुसऱ्या कामासाठी निघालेल्याला जाता जाता तीर्थ घडलं, तर त्याला फळाचा निम्मा वाटा, जो दुसऱ्यासाठी यात्रेला जातो, त्याला सोळावा. म्हणजे पोहायला आलेल्या माणसाची सोय शास्त्रानं कधीच करून ठेवली आहे. त्याला हाकललेलं नाही, निम्म्यावर घेतलं आहे.

सगळेच इतके उदार नाहीत. महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचं फळ मिळतं ते ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्याला. ही अट लावली तर रांगेत पुढे घुसणारा सोवळ्यातला गृहस्थही बाद होतो. काशीखंड आणखी तिखट आहे: जलचर तीर्थाच्या पाण्यातच जन्मतात आणि तिथंच मरतात, म्हणून ते काही स्वर्गाला जात नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाला शिवलीलामृतातला व्याध. श्रीधरांनी हा ग्रंथ 1718 मध्ये पुरा केला, आणि महाशिवरात्रीला, म्हणजे याच दिवसांत, त्याचा दुसरा अध्याय महाराष्ट्रात घरोघर वाचला जातो. व्याध शिकारीसाठी बेलाच्या झाडावर बसलेला, खाली शिवलिंग आहे याचा त्याला पत्ता नाही. पानं खाली पडतात, खायला न मिळाल्यानं उपास घडतो, सावज हेरताना जागरणही होतं. संकल्प नसताना पूजा पुरी झाली. वाचणारे इथंच खूश होऊन थांबतात: नकळत केलेलंही देवाला पोचतं, मग चिंता कसली!

पण कथा तिथं थांबत नाही. हरणं पिलांना भेटून परत येण्याची मुदत मागतात आणि हातातोंडाशी आलेली शिकार व्याध सोडून देतो. ती शब्द पाळून परत येतात, तेव्हाही त्याच्या हातून बाण सुटत नाही. पुण्य बेलाच्या पानांत शोधणाऱ्यांना हा भाग अडचणीचा वाटत असावा. व्याधाला योगायोगानं फळलं खरं, पण त्या रात्री त्यानं काहीतरी सोडलंही. समुद्रावर आलेल्यानं असं काय सोडायचं, हे ज्याचं त्यानं बघावं. निदान पाण्याची रिकामी बाटली वाळूत सोडू नये.

त्या वचनातला सोळावा वाटा मात्र पटत नाही. आजच्या काळात तो कुणाच्या वाट्याला येईल? टूरच्या गाडीचा चालक घ्या. आंबा घाटाची वळणं रात्री त्यानंच काढलेली असतात. मंडळी दर्शन, खिचडीचा प्रसाद आणि उकडीचे मोदक आटोपून येईपर्यंत तो वाहनतळावर सीट मागे टाकून डोळा लावतो, कारण परतीची गाडीही त्यालाच हाकायची असते. त्याच्या जागरणाला बेलाच्या झाडावरच्या जागरणाइतकी तरी किंमत असायला हवी, आणि इथं शास्त्राचा हिशेब कोता पडतो.

हाच चालक कोकणातला असेल तर फाल्गुनात मालकाकडे रजा टाकतो. शिमग्याला त्याला गाव चुकवायचा नसतो. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते, खांद्यांवर नाचते आणि वाडीवाडीतून घरोघर जाते. घरची बाई ओटी भरते, वडीलधारा माणूस गाऱ्हाणं घालतो: मुंबईतल्या पोराला नोकरी, सुनेला मूल, गाडीला अपघात होऊ नये. या खेपेला यात्रा देवानं केलेली असते आणि चालक आपल्याच अंगणात, खांदा द्यायला आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभा असतो.