दक्षिणद्वारी आलेलं पाणी

साधूचं पाऊल पडलं की पाऊस येतो, ही समजूत फार जुनी. महाभारताच्या वनपर्वात ऋष्यशृंग अंगदेशात आणला जातो आणि लोमपाद राजाच्या दुष्काळी राज्यात सरी कोसळतात. बौद्ध परंपरेत बुद्ध वैशालीच्या हद्दीत शिरतात तेव्हाही तसंच घडतं. दोन्हीकडे पाऊस साऱ्या मुलखाचा असतो, एकट्याच्या शेतापुरता नसतो.

गुरुचरित्रात मात्र ही कल्पना वेगळं वळण घेते. पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याला दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती सांगतात, उभी ज्वारी कापून टाक. घरचे आकांत करतात, तरी तो विळा चालवतो. पुढे हवा बिघडते, गावाचं पीक जातं आणि याच्या कापलेल्या ताटांना भरभरून फुटवे येतात. आता कसोटी गुरूच्या शब्दावरच्या विश्वासाची झाली. त्या शेतकऱ्याची निष्ठा मला हलवते, पण माझं मन दर वेळी त्याच्या शेजाऱ्यांपाशी अडतं. हवा एकच आणि त्यांच्या वाट्याला काहीच नाही.

याच नृसिंहसरस्वतींचं बारा वर्षं वास्तव्य कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीत झालं, असं परंपरा सांगते. वाडीला कृपेची कल्पना पुन्हा सर्वांची झाली. पावसाळ्यात नदी घाट चढत देवळात येते, गुरूंच्या मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. त्या दारात, तांबूस गढूळ पाण्यात, माणसं एकमेकांचे हात धरून स्नान करतात. पाणी वाढताना चढता दक्षिणद्वार, ओसरताना उतरता. बातमी कळली की रात्री-अपरात्रीही कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीहून लोक निघतात. गुरूंच्या पायांना लागलेलं पाणी जो दारात उभा राहील त्याच्या अंगावरून जातं. मला या सोहळ्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पाण्याचं पुढे वाहत जाणं.

आता त्या पाण्याची चाहूल आभाळाआधी आकड्यांतून लागते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर. तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यातली गावं कित्येक दिवस पाण्यात राहिली, गोठ्यांतली जनावरं गेली, ऊस उभ्या जागी कुजला. त्या पाण्याला कृपा म्हणणं मला श्रद्धेचाच अवमान वाटतो.

त्या वर्षी पुष्कळ जण २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून घरात थांबले. इथवरच येतं पाणी, पुढे नाही, हा हिशेब पिढीजात अनुभवाचा होता, म्हणून तो मोडणं जड गेलं. वाडीची रीत मात्र उलटी आहे. पाणी देवळात शिरायला लागलं की पुजारी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि नित्याची पूजा तिथे चालू राहते. खुद्द दत्तमहाराज जागा सोडतात, त्यात कुणाला उणेपणा वाटत नाही. पुरात सापडणाऱ्या चिखली-आंबेवाडीसारख्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बाहेर काढण्यासाठी ट्रॅक्टरमध्ये बसवताना त्याचं घर सुटत नसेल, तर त्याला बंधाऱ्याच्या आकड्यांसोबत ही रीतही सांगावी.